बैलाच्या कातड्याएवढे जव्हार

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईच्या नळाला येणारे बरेचसे पाणी वैतरणेचे असते, हे आपण जाणताच. त्या वैतरणेला जिचे पाणी मिळते ती पिंजाळ नदी ज्या डोंगराळ मुलुखातून उतरते, त्या पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्याविषयी आज बोलायचे आहे. मुंबईपासून सुमारे 130 किलोमीटरवर, घाटरस्त्याने गाठायचे हे पठार आहे. येथे रेल्वे नाही, एस.टी. आहे. काही हौशी मंडळी जव्हारला ‘ठाण्याचे महाबळेश्वर’ म्हणतात. मला हे मुळीच आवडत नाही, कारण स्वतःचे सहाशे वर्षांचे राज्य असलेल्या गावाला दुसऱ्या गावाचे नाव उसने कशाला हवे?

तर या राज्याच्या जन्माची कथा ऐका. चौदाव्या शतकाच्या आरंभी जयबा मुकणे या महादेव कोळी पुरुषाने येथील वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने ‘दिली’ म्हटले. तेव्हा जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकीला एक जोडल्या आणि त्यांनी सबंध डोंगर वेढून घेतला, अशी आख्यायिका आहे.

काही वर्षांपूर्वी जव्हारच्या बाजारात सदऱ्याचे बटण लावून घेताना मी ही गोष्ट तेथील वयस्कर शिंपीकाकांना मोठ्या उत्साहाने सांगितली आणि वर ‘एका कातड्यात डोंगर कसा मावेल?’ अशी शंकाही काढली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी पायाशी पडलेली वीतभर लांब, वीतभर रुंद चिंधी उचलली, कडेने अर्धा इंच सोडून कात्री लावली आणि कापड गोल गोल फिरवत ते आत आत कापत गेले, कात्री एकदाही न उचलता. शेवटी त्यांच्या हातात एकसंध पट्टी लोंबू लागली. ती आम्ही मोजली तेव्हा जवळजवळ नऊ हात भरली. मग काकांनी ती जमिनीवर मांडली, आणि त्या वीतभर चिंधीच्या वेढ्यात शिवणयंत्र, त्यांचे स्टूल आणि दाराशी निजलेले मांजर असे सारे सुखाने मावले. मी टाळ्या वाजवायचाच राहिलो होतो. काका स्वतः वारली. पट्टी गुंडाळत ते म्हणाले, “जयबाची हुशारी सगळे सांगतात, साहेब. आमच्या नायकाने फसगत कळल्यावरही शब्द फिरवला नाही, हे कोण सांगतो?”

श्रोतेहो, तेव्हापासून मी ही कथा नायकाच्या बाजूनेच सांगतो. त्याला पुढे गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख मिळाला, असे परंपरा सांगते.

बोलण्याच्या ओघात वेळ सरला, म्हणून पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. जयबांच्या पुत्राला 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता देऊन निमशहा हा किताब दिला, आणि त्या घटनेपासून संस्थानात नवा शक सुरू झाला. 1343 हे साल लक्षात ठेवा. जव्हारमध्ये ते अभिमानाने सांगतात. 1664 मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज येथे थांबले आणि विक्रमशहा राजांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच चढवला, त्या जागेस शिरपामाळ म्हणतात. 1948 मध्ये संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले, आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्याचे विभाजन होऊन जव्हार पालघर जिल्ह्यात गेले.

भूगोल मात्र कोणत्याही फेररचनेने बदलत नाही. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते, लेंडी नदीवरचा दाभोसा धबधबा गर्जत कोसळतो, उतारावर नागली आणि वरई डोलतात. पण पाणी उताराने खाली धावते, आणि चैत्र-वैशाखात पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. शिंपीकाकांच्या घरीही तेव्हा रोजच्या चार खेपा होत असत.