खाणीत गॅस मोजतात, माणसाच्या मनाचं काय?

ही खोली बघा. एक सिंगल बेड, एसी, छोटा फ्रिज, भिंतीवर टीव्ही, संपलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा नावाचा भाग आहे, लोखंडाच्या खाणींचा, तिथल्या कॅम्पवर अशा शेकडो खोल्या ओळीने असतात. कामगार पर्थहून विमानाने येतो, समजा दोन आठवडे रोज बारा-बारा तास राबतो, मग आठवडाभर घरी, मग परत विमान. याला फिफो म्हणतात, फ्लाय-इन फ्लाय-आउट. पगार चांगला असतो, खोटं कशाला बोला. पण कितीतरी कॅम्पवर सुट्टीवरून परत आलं की खोली वेगळीच मिळायची, म्हणजे भिंतीवर पोरांचा फोटो लावायची सोय नाही आणि शेजारी कोण झोपलंय तेही माहीत नाही.

2015 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या एका समितीने फिफो कामगारांच्या मानसिक आरोग्यावर रिपोर्ट दिला, त्यात रोस्टर, म्हणजे किती दिवस काम आणि किती दिवस घर याचं वेळापत्रक, तर होताच पण हा खोली बदलायचा प्रकारही होता. मग 2018 चा मोठा अभ्यास आला, तीन हजारांवर कामगारांना विचारून केलेला, आणि त्यात साधारण तीनातला एक जण जबरदस्त मानसिक ताणाखाली निघाला. 2019 ला राज्याने कंपन्यांसाठी कोड ऑफ प्रॅक्टिस काढला, म्हणजे कामगारांचं मानसिक आरोग्य कसं जपायचं याची मार्गदर्शक नियमावली.

आता अशा ताणातून कोणी जीव दिला तर त्या आत्महत्येचं एकच कारण असतं असं कोणी सांगत असेल तर सरळ सोडून द्या. नाईट शिफ्टने झोपेचं वाटोळं होतं, घरचं भांडण फोनवरच चालतं आणि फोनवरच अर्धवट राहतं, पगार बघून कर्ज काढलेलं असतं त्यामुळे नोकरी सोडता येत नाही, काँट्रॅक्टवरच्या माणसाला तर पुढच्या महिन्याचीही खात्री नाही, त्यात संध्याकाळची दारू. हे सगळं एकावर एक चढत जातं. आणि बोलायचं तर भीती वेगळीच, मेडिकलमध्ये अनफिट ठरवलं तर? डंपरवरून खाली उतरवलं तर? म्हणून माणूस "ऑल गुड" म्हणतो आणि हेल्मेट चढवतो.

कंपनी म्हणते आमच्याकडे काउन्सेलिंगची फोनलाइन आहे. असते ना, टॉयलेटच्या दारामागे पोस्टर असतं. जो आधीच खचलाय त्याने स्वतःहून नंबर फिरवून अनोळखी माणसाला सगळं सांगावं ही जरा जास्तच अपेक्षा झाली, असं मला वाटतं.

मेट्स नावाच्या संस्थेने हेच उलटं केलं. 2008 मध्ये क्वीन्सलँडला बांधकाम मजुरांसाठी सुरुवात झाली, पुढे खाणींमध्येही आले. साइटवरच्या सगळ्यांना थोडक्यात ट्रेनिंग, आणि त्यातले जे स्वतःहून पुढे येतात ते कनेक्टर होतात. हेल्मेटवर स्टिकर असतो, म्हणजे कोणाशी बोलायचं ते लांबूनच कळतं. कनेक्टर काही डॉक्टर नसतो, तोही ड्रिलरच किंवा फिटर. त्याचं काम एवढंच की समोरच्याला एकटं सोडायचं नाही आणि मदतीपर्यंत नेऊन पोचवायचं.

समजा एक जण चार दिवस मेसमध्ये जेवायला येत नाहीये, शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच्या प्रीस्टार्ट मीटिंगला मागे उभा राहतो, आणि आज त्याने स्वतःची चांगली टूलकिट कोणालातरी देऊन टाकली. कनेक्टर त्याला बाजूला घेतो आणि सरळ विचारतो, "जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या डोक्यात?" ऐकायला भयंकर वाटतं, पण असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा निव्वळ गैरसमज आहे, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं एकदाचं म्हणून हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर "अरे घरच्यांचा विचार कर" वगैरे भाषण द्यायचं नाही. ऐकायचं, सोबत बसायचं, आणि फोन तिथेच बसून लावायचा. ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा नंबर 13 11 14. तुम्ही हे भारतात बघत असाल आणि स्वतःलाच असं काही वाटत असेल तर टेली-मानस, 14416, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालतो, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका आत्ता या क्षणी असेल तर इमर्जन्सीचा नंबर लावा, 112.

पण सगळा भार सोबत्यांवर टाकून कंपनीने मोकळं व्हायचं, हेही नाही चालणार. रोस्टर सोबती बदलू शकत नाही, खोली पण नाही. शिवाय उपचार घेऊन माणूस परत कामावर येतो तेव्हा खरी पंचाईत होते, मेसमध्ये सगळे एकदम गप्प. तेव्हा सुपरवायझरने आधीच त्याला विचारून ठेवायचं, क्रूला काय सांगू, काय नको, काही दिवस डे शिफ्ट लावू का, आणि ते ठरलं की बाकीच्यांनी नेहमीसारखं हाक मारून टेबलावर जागा करायची.