वाकळेच्या चार बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

होळी झाली की आमच्या बेळगाव भागात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायचे दिवस सुरू होतात, ते मृग लागेपर्यंत. भाताची सुगी कधीच आटोपलेली असते, मागून पेरलेला मसूर-वाटाणाही घरात आलेला असतो, आणि बाईमाणसाला दुपारचा थोडा निवांतपणा मिळतो. पण खरं कारण ऊन. जुनी लुगडी, धोतरं, चादरी धुऊन कडक वाळवल्याशिवाय वाकळेला हात लावू नये. एकदा का खानापूर-जांबोटीकडून पाऊस आला की आमच्याकडे दोऱ्यांवरचे कपडे धड सुकत नाहीत. तसलं दमट कापड चार पदरांत शिवून टाकलं, तर आतला कुबट वास पुढे किती धुतला तरी जात नाही, आणि वर बुरशीचे काळे ठिपके येतात ते वेगळेच. म्हणून पावसाळ्यात मी मोठी वाकळ मांडत नाही. दुपटी, उशांच्या खोळी, फाटलेल्या वाकळांना ठिगळं, अशी मांडीवर मावणारी कामं करते.

मी वडगावची. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा भाग. मागांचा आवाज आमच्या कानांना इतका सवयीचा, की वीज गेली आणि तो थांबला की झोपलेली माणसं जागी होतात. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, आणि शहापुरी साड्यांचं नाव लांबवर होतं. आमच्या आजेसासूबाईंची त्या काळातली दोन लुगडी माझ्या हाती लागली, ती वाकळेच्या आतल्या पदरांत अजून घरात आहेत. अंगावर घेतली की त्यांचा मऊपणा कळतो.

वाकळेला जुनं कापड लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जुन्यातलं कोणतं? सुती, आणि भरपूर धुतलेलं. खळ पूर्ण गेलेली असली म्हणजे सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते आणि संध्याकाळी बोटं दुखत नाहीत. लुगडं बसायच्या जागी आधी विरतं. मी तो भाग दोन्ही हातांत धरून हलकेच ताणून बघते. तडतडला तर तो आतल्या पदराला, घट्ट राहिला तर वरच्या अंगाला. इरकली साडीचं अंग सुती आणि टोपपदर, म्हणजे खांद्यावरचा पदर, रेशमी, म्हणून तो पदर मी वेगळा काढते आणि काठाला, कोपऱ्यांना लावते. ती लाल-पांढरी नक्षी वाकळेवर फार शोभते. नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या मी घेत नाही. घाम शोषत नाहीत, आणि दोन धुण्यांत आतल्या आत सरकून त्यांचा गोळा होतो. लोक हौसेनं ढीग आणून देतात, त्यांना मी स्पष्ट सांगते, ह्याची पायपुसणी करा.

मापाचं गणित आमच्या आज्यांनी लुगड्यावरच बसवलेलं आहे. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो, झोपणाऱ्या माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत पुरून थोडा दुमडायलाही उरतो. दोन तुकडे शेजारी जोडले की दोघांची वाकळ होते, दीड जोडला की एकट्याची. थंडीसाठी पाच पदर, उन्हाळ्यात अंथरायला तीन.

हे पदर जमिनीवर पसरायचे, चारी कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवायचे, तळहातानं सुरकुत्या बाहेर काढायच्या आणि लांब लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. मग कडा आत दुमडून धावदोरा सुरू. काठानं पहिला फेरा, बोटभर अंतर सोडून दुसरा, मग तिसरा, असं आत आत मध्यापर्यंत जायचं. कडेपासून आत जायची ही रीत का पडली असेल, हे मला माझ्या घरातच कळलं. चार बाजूंना चौघी बसू शकतात! मध्यापासून सुरुवात केली असती तर एकटीलाच अंगावर घेऊन वाकून शिवावं लागलं असतं. वाकळेची बांधणीच मुळी सोबतीसाठी आहे, असं माझं ठाम मत आहे. एका बाजूला थोरल्या जाऊबाई, समोर मी, तिसऱ्या बाजूला नणंद माहेरी आली असेल तर ती, आणि चौथ्या बाजूला शेजारच्या अक्का. त्या कानडी, त्यांच्या घरी हिला कौदी म्हणतात. त्यांचा टाका आमच्यापेक्षा बारीक. आम्ही त्यांच्याकडे बघून आमचा आवरता घेतला, आणि कोपरा वळवायला त्या आमच्याकडून शिकल्या.

हात गुंतलेले आणि कान मोकळे, म्हणून रेडिओ हवाच. कधी धारवाडची कानडी गाणी, कधी सांगलीचं मराठी. अक्का गाण्याबरोबर गुणगुणतात, जाऊबाई बातम्या लागल्या की सगळ्यांना गप्प करतात. टीव्हीसमोर हे काम होत नाही, डोळे टाक्यावरून उठले की ओळ वाकडी होते. शाळेतून आला की नातू दहा-बारा सुयांत दोरे ओवून टोपलीवर टोचून ठेवतो. आम्हा चौघींनाही आता चष्मे आहेत, त्यामुळे त्याच्या ह्या कामाला घरात मोठा मान आहे. धाकटी नात वाकळेच्या मधोमध झोपते. तिला उचलायचं नाही, तिच्या भोवतीनं शिवत यायचं, असा आमचा नियम आहे.

गोष्टी निघतात त्या कापडावरून. हे चौकड्यांचं धोतर मामंजींचं, हा हिरवा तुकडा नणंदेच्या डोहाळजेवणाचा, ही निळी चादर आमचे मालक गोकाकच्या सूतगिरणीत कामाला होते तेव्हाची. मुलं विचारतात, आम्ही सांगतो, आणि शिवता शिवता घरातल्या गेलेल्या माणसांची नावं तोंडात येत राहतात. मुलगा पुण्याला असतो. सुनेनं बाळंतपणाच्या आधी फोन करून, "आत्या, बाजारातलं नको, तुमच्याच लुगड्यांची दुपटी पाठवा," म्हटलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

आता वाकळेच्या निमित्तानं होणाऱ्या सहलींचं सांगते. वाकळ शिवणारी बाई कुठेही गेली तरी तिची नजर कापडावर जाते. माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जा. पूर्वी बैलगाड्या सुटायच्या, आता टेम्पो, ट्रॅक्टर, बस. पण डोंगराच्या पायथ्याला आजही घरंच्या घरं मुक्काम करतात, चुली मांडतात, पुरणपोळ्या करून परड्या भरतात, आणि रात्री उघड्यावर वाकळा अंथरून झोपतात. जोगुळबावी ह्या तिथल्या पवित्र कुंडावर अंघोळ करून वर जाताना मी दोन्ही बाजूंच्या वाकळा बघत बघत चढते. विजापूर-बागलकोटकडच्यांची रंगसंगती वेगळी, आमच्या कोल्हापूर-निपाणीकडच्यांची वेगळी. आवडली की सरळ जाऊन बसायचं, विचारायचं. कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा देतात.

एकदा भाचीकडे हल्याळला गेले होते, तेव्हा तिनं सिद्दी बायकांच्या वस्तीवर नेलं. हल्याळ, यल्लापूर, खानापूरच्या रानांत हे सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांची कवंदी बघून मी तिथेच मांडी घालून बसले. आम्ही पदर मांडून मग शिवतो, त्या मात्र एक साडी पसरतात आणि एका कोपऱ्यापासून चिंध्यांचे तुकडे लावत लावत, त्याच टाक्यात सगळं धरत, कडेनं फिरत मध्याकडे येतात. मोजपट्टी नाही, आखणी नाही, रंग मनात धरलेले. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, अपुरी, असं त्यांच्यात मानतात. परत आल्यावर माझ्या पुढच्या वाकळेला मी इरकलीच्या पदराची फुलं लावली. जाऊबाईंना आधी पटलं नाही. आता त्याच लावतात.

पण श्रोतेहो, आमच्या घरातली सगळ्यात आवडती सहल वेगळीच आहे. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं. पितृपक्षात एखादा उघडीपीचा दिवस बघून आम्ही टेम्पोत सगळ्या वाकळा घालतो आणि मार्कंडेय नदीवर जातो. पावसाचं गढूळ पाणी निवळलेलं असतं, नदीला ओढ असते पण भीती वाटण्यासारखी नसते. मुलांना त्या दिवशी शाळा नसावी म्हणून आम्ही रविवारच धरतो. बायका आदल्या रात्री भाकऱ्या, मिरचीचा खरडा, वांग्याची सुकी भाजी करून बांधून घेतात.

पाच पदरांची वाकळ भिजली की एकटीच्यानं उचलत नाही. दगडावर ठेवून आधी पायांनी तुडवायची, ते काम मुलांचं, आणि ती त्यासाठी भांडतात. मग धोपटणं, मग वाहत्या पाण्यात दोघांनी धरून खळबळणं. पिळायला पुरुष लागतात. दोन टोकांना दोघं उभे राहून उलट दिशांना पीळ देतात आणि पाणी धारेनं गळतं. माझे दीर, जे वर्षभर वाकळेला हातसुद्धा लावत नाहीत, ते त्या दिवशी पिळण्यात सगळ्यांना हरवतात. काठावरच्या खडकांवर, झुडपांवर वाकळा पसरल्या की सबंध नदीकाठ रंगीत होतो. शेजारच्या गावची माणसंही आलेली असतात, त्यांच्याही वाकळा पसरलेल्या असतात. दुपारी आम्ही सावलीला बसून जेवतो, आणि मग वाकळा उलटायच्या, पुन्हा वाळवायच्या. एखादा टाका सुटलेला दिसला तर तिथेच सुई काढायची. मी जाताना पदराला दोन सुया टोचूनच जाते.

वॉशिंग मशीन आमच्याही घरात आहे. रोजचे कपडे त्यातच जातात. पण मोठी वाकळ त्यात मावत नाही, आणि मावली असती तरी हा रविवार आम्ही सोडला नसता.

गणपतीतही वाकळ लागतेच. बेळगावची विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ओळखीच्या घराच्या कट्ट्यावर जागा धरायची, मुलांसाठी एक जुनी वाकळ अंथरायची. ढोल वाजत असतात आणि मुलं खुशाल झोपलेली असतात.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. आमच्या भागात कित्येक बायका दुसऱ्यांना वाकळा शिवून देतात. कापड गिऱ्हाईकाचं, म्हणून मजुरी देताना लोक घासाघीस करतात. "जुन्याच तर चिंध्या आहेत," म्हणतात. अहो, एका मोठ्या वाकळेला दुपारच्या दुपारी जातात, पाठ धरते, बोटांना घट्टे पडतात. चिंध्या तुमच्या आहेत, पण वाकळ तिच्या हातांची आहे. मजुरी कापडावर धरू नका, टाक्यांवर धरा. दाट टाक्याच्या वाकळेला जास्त द्या, ती तुमच्या नातवंडांपर्यंत टिकणार आहे. आणि शिवणाऱ्या बायांनो, तुम्हीही काम घेतानाच दर सांगा, संकोच करू नका.

ज्यांना पहिल्यांदा हात घालायचा आहे त्यांनी मोठी वाकळ मांडू नये. दोन फूट बाय तीन फुटांचं दुपटं घ्या. खाली मऊ धोतराचे दोन पदर, वर लुगड्याचा एक. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. काठाचा पहिला फेरा घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईकडून घालून घ्या, तिचा टाका बघा आणि मग तुम्ही पुढे सुरू करा. ऊन चांगलं पडतंय, कापडं आजच भिजत घाला.

नमस्कार.