शुक्रवारची शिल्लक

(दृश्य : मिंट रोड, फोर्ट. रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय.)

देशाचा व्याजदर इथे ठरतो. महागाई आवरण्याची जबाबदारीही इथलीच. पण दिल्लीतल्या सरकारची तूट वाढत राहिली, तर या इमारतीचे हात बांधले जातात.

(दृश्य : पुणे, बँकेचं अभिलेखागार. जुन्या कागदांचे गठ्ठे.)

ही गोष्ट हात बांधलेल्या काळातल्या कागदांची. १९५५ मध्ये बँक आणि केंद्र सरकार यांच्यात एक व्यवस्था ठरली. शुक्रवारी हिशेब मिटताना सरकारच्या खात्यात किमान ५० कोटी रुपये असलेच पाहिजेत. कमी भरले, की ९१ दिवसांची 'अ‍ॅड-हॉक' ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या थोड्या मुदतीच्या उसनवारीचे कागद, आपोआप निघायची. बँक ती घ्यायची, तेवढी रक्कम खात्यात जमा व्हायची. मुदत संपली, की जुन्या बिलांच्या जागी नवी. सोय होती चार दिवसांच्या चणचणीसाठी, चालली चाळीस वर्षं. १९७४ पासून त्यावरचं व्याज ४.६ टक्क्यांवर गोठलेलं, बाजारात दर काहीही असोत.

असा नवा पैसा एका हाताने सोडायचा आणि दुसऱ्या हाताने आवरायचा, हीच बँकेची कसरत. बँकांनी ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा तो सीआरआर; जो मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवायचा तो एसएलआर. १९९० च्या अखेरीस सीआरआर १५ टक्के, एसएलआर साडेअडतीस. म्हणजे बँकांकडच्या १०० रुपयांतले निम्म्याहून जास्त अडकलेले. तरीही ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक महागाई १६ टक्क्यांपुढे गेलीच.

सप्टेंबर १९९४ मध्ये करार झाला. अर्थमंत्री मनमोहन सिंग, गव्हर्नर सी. रंगराजन. या बिलांना आधी मर्यादा आली, आणि १ एप्रिल १९९७ पासून ती कायमची बंद झाली. रिझर्व्ह बँकेच्या इतिहासातला हा फार मोठा दिवस. तो शाळेच्या पुस्तकात हवा.

(दृश्य : भाजीबाजार, तराजू, नोटा मोजणारे हात.)

मग कोविड. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने देते, तो रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. २०२०-२१ ची तूट जीडीपीच्या ९ टक्क्यांवर गेली. २०२१ मध्ये बँकेने सहा महिन्यांसाठी २ लाख २० हजार कोटींच्या सरकारी रोख्यांची खरेदी जाहीर केली. संकटात ते गरजेचंच होतं. पण सरकारचं कर्ज उभारून देणारी आणि दर ठरवणारी संस्था एकच. दर चढवला, की सरकारचं नवं कर्ज महागतं. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या रुपयातले २० पैसे व्याजाचेच होते.

एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्के. ४ मे रोजी अचानक दरवाढ.

(दृश्य : पुन्हा मुख्यालय, बंद दार.)

सलग तीन तिमाही महागाई ठरलेल्या ६ टक्क्यांच्या मर्यादेच्या वर राहिली. अशा वेळी कायद्याप्रमाणे बँकेने सरकारला कारणं कळवायची असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी खास बैठक झाली, पत्र गेलं. ते जाहीर झालं नाही. ते लोकांना वाचायला मिळालं पाहिजे.