थेंबभर पाणी आणि तांब्याचा सांधा

[दृश्य : तळघर. छताखालून गेलेला अर्धा इंची तांब्याचा पाइप, त्यावर गळका व्हॉल्व्ह]

अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या घरांत पाण्याचे पाइप तांब्याचे असतात. तिथला व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे गॅसचा टॉर्च पेटवून सोल्डरने, म्हणजे वितळवून सांधा भरायच्या मिश्रधातूने, जोडणं आलं. आधी मेन कॉक बंद करा आणि घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा. काम संपेपर्यंत तो उघडाच राहू द्या. वाफ आत कोंडली, तर वितळलेल्या सोल्डरमधूनच वाट काढते आणि सुईएवढं भोक मागे ठेवते.

पाइप कटरने कापल्यावर आतली धार रीमरने, म्हणजे कड खरवडायच्या हत्याराने, काढा. ती राहिली तर पाणी तिथे घुसळतं आणि तांबं आतून झिजतं. टोक बाहेरून, व्हॉल्व्हचं तोंड आतून, एमरी कापडाने चकचकीत घासा. नंतर बोट लावू नका. दोन्हीकडे फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर धातूला धरावं म्हणून लावायच्या पेस्टचा, पातळ हात द्या. थापलेला फ्लक्स पुढे पाइप कुरतडतो.

[जवळून : कापलेल्या तोंडाशी जमणारा थेंब]

काम फसतं ते बहुतेक या थेंबामुळे. पाणी शंभर अंशांवर उकळत बसतं, सोल्डर वितळायला लागतात दोनशे तीसच्या वर. मेन कॉक झिरपत असेल, तर कडा काढलेला पांढरा ब्रेड पाइपात कोंबतात. हसू येईल, पण चालतं! काही मिनिटं तो पाणी धरतो, नंतर विरघळून वाहून जातो. मात्र ज्या नळातून तो बाहेर पडणार, त्याची जाळी आधी काढा.

बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा, मधल्या भागाला ओलं फडकं गुंडाळा; आतल्या टेफ्लॉनला जाळ सोसत नाही. रबरी वॉशरचा व्हॉल्व्ह असेल तर स्पिंडलच, म्हणजे वॉशर बसवलेला आतला दांडा, काढून घ्या.

[जवळून : ज्योत, सांधा, सोल्डरची तार]

पाइप पटकन तापतो, व्हॉल्व्हचं जाड पितळ उशिरा. म्हणून ज्योत व्हॉल्व्हच्या तोंडावर धरा आणि तार विरुद्ध बाजूला टेकवा. तार ज्योतीने नव्हे, तापलेल्या धातूने वितळली पाहिजे. मग सोल्डर आपणहून फटीत ओढलं जातं, अगदी वरच्या दिशेनेही. अर्धा इंची सांध्याला अर्धा-पाऊण इंच तार पुष्कळ. तार बिनशिशाचीच, पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचं सोल्डर अमेरिकेत 1986पासून बंद आहे.

फ्लक्स जळून काळा पडला, तर वरून सोल्डर ओतू नका. सांधा सोडवा, घासा, पुन्हा सुरू करा.

सोल्डर घट्ट होईपर्यंत पाइप हलवू नका. ज्योत आणि मागचं लाकूड यांच्यामध्ये अग्निरोधक कापड लावा, आणि टॉर्च विझवल्यावरही अर्धा तास तिथेच थांबा.