बोलण्यावर मोठा झालेला माणूस

नमस्कार मंडळी, कसे आहात. आज हॉलिवूडच्या ब्रूस विलिस या हिरोबद्दल बोलायचंय. नागपुरात त्याचे फॅन किती आहेत हे कोणी मोजलं नसेल, पण आमच्या ओळखीतच भरपूर आहेत, सदरच्या टॉकीजमध्ये जाऊन इंग्रजी पिक्चर पाह्यलेले काका लोक आहेत, आणि आमच्यासारखे ज्यांनी मे महिन्याच्या दुपारी कूलरच्या घरघरीवर टीव्हीचा आवाज वाढवून वाढवून त्याचे पिक्चर पाह्यले ते पण आहेत.

३० मार्च २०२२ ला त्याच्या घरच्यांनी सांगितलं की त्याला अफेजिया झालाय आणि तो काम थांबवतोय. अफेजिया म्हणजे मेंदूतला भाषेचा भाग बिघडतो, शब्द सापडत नाही, समोरचा बोलतो ते नीट कळत नाही, वाचता-लिहिता येईनासं होतं. मग फेब्रुवारी २०२३ मधे पुढचं कळलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. विसरण्यापासून सुरू होणारा डिमेन्शिया आपल्याला माहीत असतो, हा तसा नाही, यात आधी माणसाचं बोलणं जातं नाहीतर वागणं बदलतं, आणि बरेचदा साठीच्या आतच सुरू होतो. बरं करणारं औषध अजून नाही.

आता मला जे सांगायचंय ते असं की हा माणूस मोठा झाला तो त्याच्या बोलण्यावर. लोक म्हणतात ॲक्शन हिरो, बंदूक, स्फोट, टक्कल. ते सगळं आहेच. पण लहानपणी हा मुलगा अडखळत बोलायचा, एक वाक्य पूर्ण करायला त्रास व्हायचा. जन्म १९५५ चा, जर्मनीतला, वडील अमेरिकन सैन्यात होते, मग वाढला न्यू जर्सीत. शाळेत नाटकात उभा राह्यला आणि लक्षात आलं की स्टेजवर दुसऱ्याचे शब्द बोलताना जीभ अडखळत नाही. तिथून सगळं सुरू झालं. न्यूयॉर्कमधे बारटेंडर होता, काउंटरमागे उभं राहून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या, आणि मग १९८५ ला मूनलाइटिंग नावाची टीव्ही सिरीयल मिळाली. त्यात तो आणि सिबिल शेफर्ड एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकत इतकं भराभर बोलायचे की त्याची स्क्रिप्ट नेहमीच्या एपिसोडपेक्षा जवळपास दुप्पट जाड असायची! अडखळणारा मुलगा, आणि एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला तो फटाफट बोलण्याबद्दल, १९८७ मधे. मला तर हे त्याच्या कुठल्याही स्टंटपेक्षा मोठं वाटतं.

मग १९८८, डाय हार्ड. तेव्हा हिरो म्हणजे स्टॅलोन, श्वार्झनेगर, म्हणजे डोंगराएवढे दंड आणि तोंडात चार शब्द. आणि हा आला, साधा पोलीसवाला, बायकोशी बिनसलेलं, विमानाला घाबरणारा. विमानात शेजारचा प्रवासी त्याला सांगतो की जिथे जायचंय तिथे पोचलास की बूट-मोजे काढ, गालिच्यावर अनवाणी चाल आणि पायाची बोटं मुठीसारखी आवळ, बरं वाटेल. हा बिचारा बायकोच्या ऑफिसच्या उंच इमारतीत तसं करतो, तेवढ्यात तिथे बंदूकवाले घुसतात, गोळीबार सुरू होतो, आणि मग पूर्ण पिक्चरभर अनवाणी, फुटलेल्या काचांवरून. विनोदासाठी ठेवलेली एवढीशी गोष्ट सगळ्या पिक्चरचं दुखणं होते, याला म्हणतात लिहिणं.

पण तुम्ही परत पाहाल तेव्हा बाथरूमचा सीन नीट पाहा. तो जमिनीवर बसलाय, पाय रक्तानं भरलाय, एकेक काच उपटतोय, आणि वॉकीटॉकीवर खाली उभ्या असलेल्या पोलीसवाल्या पॉवेलशी बोलतोय, ज्याला त्यानं अजून पाह्यलं पण नाही. सांगतो की माझ्या बायकोला शोध, तिला सांग की मी सॉरी म्हणालो. गळा दाटलाय, पण रडून दाखवत नाही, काच काढत काढत बोलतो. त्या काळात ॲक्शन हिरो असं बोलत नव्हता हो. आणि याच पिक्चरच्या शूटिंगमधे बंदुकीच्या आवाजानं त्याच्या डाव्या कानाचं ऐकणं बरंच गेलं, हे त्यानं स्वतःच सांगितलंय.

पल्प फिक्शन वगैरे तुम्हाला माहीतच आहे, त्यावर वेळ नाही घालवत. १९९५ चा ट्वेल्व्ह मंकीज मात्र सांगतो, कारण रेडिओवर बसून हा सीन सांगायलाच पाह्यजे. तो भविष्यातून आलेला कैदी असतो, तिथे माणसं जमिनीखाली राहतात. मोटारीत बसतो, रेडिओवर गाणं लागतं, आणि हा माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून हवा घेतो, डोळ्यात पाणी. फक्त एक गाणं ऐकून. तुमच्यापैकी जे आत्ता गाडीत रेडिओ लावून ऐकत असतील त्यांना तर हे सांगायची गरजच नाही.

आणि सिक्स्थ सेन्स, १९९९. याची गंमत म्हणजे १९९७ मधे त्याचा एक पिक्चर शूटिंग सुरू असतानाच बंद पडला, नुकसान झालं, ते भरून काढायला डिस्नीला काही पिक्चर करून द्यायचं ठरलं, त्यातला हा एक. दिग्दर्शक श्यामलन, आपल्याकडे माहेला जन्मलेला, तेव्हा तिशीच्या आतला पोरगा. यात ब्रूस जवळजवळ कुजबुजतो, एका घाबरलेल्या लहान पोरासमोर आवाज इतका खाली आणतो की पोराला भीती वाटू नये. शेवट नाही सांगत, अजून कोणी पाह्यला नसेल तर त्याचा हक्क आहे.

आता शेवटची वर्षं. एकापाठोपाठ एक छोटे छोटे पिक्चर आले, त्यात तो थोडाच वेळ दिसायचा, चेहरा कोरा, वाक्यं तुटक, आणि जगभर लोक हसले की पैशासाठी झोपेत काम करतो. वाईट कामाचे पुरस्कार देणाऱ्या रॅझीवाल्यांनी तर त्याच्या एकट्यासाठी वेगळी कॅटेगरी काढली होती, आजाराची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती मागे घेतली. ठीक केलं. नंतर अमेरिकेच्या पेपरात छापून आलं की सेटवर त्याचे संवाद कमी केले जायचे, कानात इअरपीस लावून वाक्यं सांगितली जायची. म्हणजे विचार करा ना, ज्यानं दुसऱ्याचे शब्द बोलता बोलता स्वतःची जीभ मोकळी केली, त्याला शेवटी एकेक शब्द कानात सांगावा लागत होता, आणि तरी तो सेटवर येत होता. मला ते पिक्चर आता वेगळे दिसतात. चांगले नाहीत ते, नाहीतच, पण त्यात आळस नाही.

त्याच्या बायकोनं, एमा हेमिंगनं, एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. ब्रूसचं अडखळणं कधी पूर्ण गेलंच नव्हतं, तो ते झाकायचा, त्यामुळे भाषा बदलायला लागली तेव्हा घरच्यांना वाटलं की तेच जुनं अडखळणं आहे. आपल्या घरी पण असंच होतं हो, बाबा हल्ली गप्प असतात, बोलता बोलता थांबतात, चमच्याला ‘ते, ते’ म्हणतात, आणि आपण म्हणतो वय झालं, नाहीतर ऐकू येत नसेल. एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि अचानक बोबडं झालं, तोंड वाकडं झालं, तर वाट पाहूच नका, तो लकवा असू शकतो, तेव्हाच दवाखान्यात न्या.

या रविवारी आम्ही सगळे मिळून डाय हार्ड पाहणार आहोत आणि आत्तापासून वाद सुरू आहे की हिंदी डबिंगमधे पाहायचा की इंग्रजीत. पोरांना हिंदी पाह्यजे, कारण लहानपणी आम्ही सगळ्यांनी तसाच पाह्यला, अर्धे डायलॉग हिंदीतच पाठ आहेत. मी म्हणतो इंग्रजीतच लावा, वाटल्यास सबटायटल लावा, काही शब्द नाही कळले तर नाही कळले, पण आवाज त्याचा पाह्यजे.