ड्रायव्हरभोवती ओतायचं इपॉक्सी

मंडळी, टॉर्चमध्ये इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) ओतलं की एलईडी गार राहतो, असं समजून पुष्कळजण पॉटिंगच्या, म्हणजे आतले भाग इपॉक्सीत बुडवून टाकण्याच्या, नादी लागतात. पण एलईडीची उष्णता त्या वाटेने जातच नाही. ती बुडातून तांब्याच्या चकतीत, तिथून अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीत आणि मग टॉर्चच्या अंगात उतरते. तिथे काम सोल्डरचं आणि थर्मल पेस्टचं. इपॉक्सीचा संबंध येतो तो मागच्या ड्रायव्हरशी, म्हणजे करंट सांभाळणाऱ्या त्या छोट्या गोल बोर्डाशी.

साधा लिनिअर ड्रायव्हर घ्या. 7135 जातीच्या आठ चिप, प्रत्येकी 350 मिलिअँपिअर, म्हणजे एकूण 2.8 अँपिअर. भरलेली लिथियम बॅटरी 4.2 व्होल्ट देते, एलईडीला लागतात 3.2 च्या आसपास. मधला एक व्होल्ट चिप गिळतात आणि त्याची उष्णता करतात. लोड पडला की बॅटरीचा व्होल्टेजही थोडा उतरतो, म्हणून आपण हिशेबाला दोन वॉट धरू.

ही उष्णता वाहून नेताना तापमानात किती फरक पडतो? वॉट गुणिले थराची जाडी, भागिले वाहकता (थर उष्णता किती सहज नेतो तो आकडा) आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. 17 मिलिमीटरच्या बोर्डाचं क्षेत्रफळ साधारण 227 चौरस मिलिमीटर. त्यावर 3 मिलिमीटर साधं इपॉक्सी ओतलं, ज्याची वाहकता 0.2 वॉट प्रति मीटर-केल्विन असते, तर फरक 130 अंशांच्या वर जातो. थोडी उष्णता बोर्डाच्या कडेनेही निसटते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी येईल. पण अंदाज आला ना? अ‍ॅल्युमिना (उष्णता नेणारी सिरॅमिक पावडर) भरलेलं, 1 वाहकतेचं इपॉक्सी घेतलं तर फरक 26 अंश. दीड वाहकतेचं घेतलं तर 18. आता ते महागडं बाजूला ठेवा, 1 वालंच घ्या आणि थर निम्मा करा. 13 अंश! डब्यावरचा आकडा वाढवायला पैसे पडतात, थर पातळ करायला फक्त पॉटिंगआधी एक अ‍ॅल्युमिनियमची चकती कापून आत बसवावी लागते, म्हणजे इपॉक्सीची निम्मी जागा तीच व्यापते. ती चिपच्या पायांना टेकू नये, एवढं मात्र बघा.

शिवाय वाहकता वाढते ती पावडर कोंबून. जितकी पावडर जास्त, तितकं मिश्रण श्रीखंडासारखं घट्ट. ते चिपच्या खाली आणि इंडक्टर (काही ड्रायव्हरवर असणारं तारेचं वेटोळं) असेल तर त्याच्या मागे शिरत नाही, तिथे हवा अडकते. हवेची वाहकता 0.026, म्हणजे साध्या इपॉक्सीच्याही आठवा हिस्सा. तीन वाहकतेचं पण पोकळ्या राहिलेलं पॉटिंग घ्यायचं की एक वाहकतेचं गच्च भरलेलं? मी डोळे मिटून दुसरं घेईन. डेटाशीटवर वाहकतेच्या आधी व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे मिश्रण किती दाट आहे त्याचा, आकडा बघा. रेझिनचा डबा कोमट करा, तळाशी बसलेली पावडर खरवडून नीट ढवळा, आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग) वजनावर मोजा. सोनाराच्या वापरातला छोटा डिजिटल काटा छान चालतो. टॉर्च तिरकी धरून एकाच बाजूने ओता, म्हणजे हवेला दुसरीकडून वाट मिळते.

चांदी भरलेलं इपॉक्सी इथे आणूच नका. ते वीजही वाहून नेतं.

आता ज्याकडे फारसं कोणी बघत नाही ते. घट्ट झालेल्या इपॉक्सीला एक काच-संक्रमण तापमान असतं. खोलीच्या तापमानाला सेट होणाऱ्या बऱ्याच इपॉक्सींचं ते 50-60 अंशांच्या आसपास येतं, आणि टर्बोवर (सर्वात जास्त उजेडाच्या मोडवर) टॉर्चच्या पोटात तेवढं तापमान सहज होतं. त्याच्यावर गेलं की इपॉक्सी मऊ पडतं आणि त्याचं प्रसरण दुपटी-तिपटीने वाढतं. आत सिरॅमिक कपॅसिटर आहेत, ते जवळजवळ प्रसरणच पावत नाहीत. रोज तापणं-निवणं चालू राहिलं की कपॅसिटरला तडा जातो नाहीतर सोल्डरचा सांधा सुटतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून डेटाशीटमध्ये सांगितलं असेल तर नंतर काही तास 60-80 अंशांवर भाजून घ्या. त्याने काच-संक्रमण तापमान वर सरकतं. अर्थात बॅटरी काढून, हे सांगायला नको.

दुरुस्तीची शक्यता ठेवायची असेल तर सिलिकॉन घ्या. मऊ असतं, कोरून काढता येतं, कपॅसिटरला त्रास देत नाही. पण सेट होताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. त्यातलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तांबं खातं. प्लॅटिनमवर सेट होणारं असेल तर आधी बोर्डावरचा फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरलेला राळेसारखा थर) धुवा, नाहीतर ते जागोजागी चिकटच राहतं.

ओतण्याआधी ड्रायव्हर सगळ्या मोडमध्ये, पूर्ण करंटवर चालवून बघा. फर्मवेअर (ड्रायव्हरमधला प्रोग्रॅम) बदलायचं असेल तर तेव्हाच बदला, नंतर बोर्डावरच्या प्रोग्रॅमिंगच्या पॅडपर्यंत पोहोचता येणार नाही. इपॉक्सी चिकटू नये म्हणून स्प्रिंगला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) गुंडाळा, आट्यांना व्हॅसलिन लावा.

आणि पुढची काच घाईने बसवू नका. इपॉक्सीतून निघणारी वाफ बंद जागेत कोंडली की एलईडीच्या सिलिकॉन घुमटात मुरते, आणि प्रकाशाखाली तो घुमट तपकिरी होतो. पूर्ण सेट होईपर्यंत पुढचं तोंड उघडंच ठेवा.