टक्!

हा आवाज ऐका. टक्. पहाटेची पहिली लोकल यार्डातून निघाली, की मुंबईच्या उपनगरी मार्गावरच्या या रिले रूममध्ये, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या विजेच्या स्विचांच्या खोलीत, त्याची सर सुरू होते.

दाराला दोन कुलपं. एक किल्ली स्टेशन मास्तरांकडे, दुसरी सिग्नल मेंटेनरकडे. दार उघडलं की आधी रजिस्टरात नोंद, मग आत पाऊल.

रॅकवर ओळीने बसलेले हे रिले. जवळून बघा. पारदर्शक झाकणाआड तांब्याच्या तारेची गुंडाळी, समोर लोखंडी आर्मेचर, म्हणजे हलणारी पट्टी. गुंडाळीला २४ व्होल्ट मिळाले की आर्मेचर ओढला जातो, संपर्क जुळतात. मेंटेनर म्हणतात, ‘पिकअप झाला’. वीज गेली की आपल्याच वजनाने आणि पट्ट्यांच्या ताणाने तो सुटतो. ‘ड्रॉप’.

आता हे संपर्काचं टोक. एका बाजूला धातू, दुसऱ्या बाजूला चांदी मुरवलेला कार्बन. दोन्हीकडे धातू असता, तर ठिणगीने चिकटून बसायची भीती. चिकटलेला रिले खोटं बोलतो.

रुळाच्या तुकड्याच्या एका टोकाला वीजपुरवठा, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की चाकांचा आस दोन्ही रूळ जोडतो, करंट तिथूनच परत फिरतो. रिले ड्रॉप, सिग्नल लाल. तार तुटली, बॅटरी बसली, तरीही लालच. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ही युक्ती १८७२ साली काढली. इतकी साधी, की आजही चालते.

पुढचा ट्रॅक मोकळा आहे, हे सांगणारा एक रिले. पॉइंट, म्हणजे गाडीला रूळ बदलून देणारा सांधा, जुळून लॉक झाला, हे सांगणारा दुसरा. सगळ्यांचे संपर्क एकाच वाटेवर ओवलेले. एक जरी ड्रॉप असला, तरी सिग्नल लालच राहतो.

लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला १९८८ मध्ये अशाच खोलीत एक जुनी तार काढायची राहिली. सिग्नल लाल झालाच नाही, गाड्या आदळल्या. ३५ माणसं गेली. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, असं चौकशीत निघालं.

आता पुष्कळ ठिकाणी रूटचा, म्हणजे गाडीच्या वाटेचा, हिशेब संगणक करतो. पण पॉइंट हलवणाऱ्या मशीनपर्यंत हुकूम पोचवायला तिथेही रिले लागतातच. म्हणजे झाडू, मल्टिमीटर आणि रात्रपाळी यांतून मेंटेनरची सुटका नाही.

हे त्यांचे हात. एका रिलेवरची धूळ पुसतायत, फडकं अगदी हलकं धरून.

बाहेर लोकलचा भोंगा. आत, तिसऱ्या रॅकवर... टक्.